लिंकन, आदिनाथ आणि स्वतंत्रपूर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये गेलात तरी भिंतीवर एक फ्रेम हमखास दिसेल. अब्राहम लिंकननं आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. वसंत बापटांनी ते मराठीत असं उतरवलंय की मुळात मराठीतच लिहिलं असावं असं वाटतं. बी.एड.ला असताना मी ते पाठ केलं होतं. शिक्षक दिनाच्या कितीतरी भाषणांत वापरलं. पुढं कधीतरी वाचनात आलं, की लिंकननं असं पत्र लिहिल्याचा काहीही पुरावा नाही. त्याच्या संकलित लेखनात ते सापडत नाही, अभ्यासक ते त्याचं मानत नाहीत. कुणीतरी लिहिलेला चांगला मजकूर मोठ्या माणसाच्या नावावर जमा झाला, एवढंच.

हे कळल्यावरही मी ती फ्रेम काढायला सांगितली नाही. मजकूर चांगला आहे, राहू दे म्हटलं. पण एक प्रश्न मनात राहिला. चांगली गोष्ट पटायला आपल्याला तिच्याखाली मोठ्या माणसाची सही का लागते?

गेल्या उन्हाळी सुट्टीत हा प्रश्न पुन्हा समोर आला, आणि त्याला कारण झाली आमच्या मोहल्ल्यातली एक आई. तिचा मुलगा माझा विद्यार्थी. एका मारामारीच्या केसमध्ये नाव आलं, दोन वर्षं कच्च्या कैदेत काढली आणि शेवटी निर्दोष सुटला. सुटून आल्यावर त्याला कुणी कामावर घेईना. आई त्याला घेऊन माझ्या दारात आली. "सर, इसकू कहीं बी लगाव. घर में बैठ बैठ के पागल हो जाएंगा." आम्ही सात-आठ जण मिळून मोहल्ल्यात एक छोटी अभ्यासिका चालवतो. सकाळी उघडायला आणि रात्री बंद करायला माणूस हवाच होता. आत पुस्तकं आहेत, दोन जुने कॉम्प्युटर आहेत. किल्ली माझ्याकडं असते. मी म्हटलं, "बघू." मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, छूट गया तो बी लोगां वैसेच देखते." मी पुन्हा म्हटलं, "बघू."

त्याच आठवड्यात मी लिंकनवरचा एक जुना हॉलिवूडपट पाहिला, 'यंग मिस्टर लिंकन'. साल 1939, दिग्दर्शक जॉन फोर्ड, लिंकन झालाय हेन्री फोंडा. राष्ट्राध्यक्षावरचा सिनेमा, पण त्यात राष्ट्राध्यक्षपद कुठंच नाही. गुलामगिरीविरुद्धची लढाई नाही, यादवी युद्ध नाही, खून नाही. आहे तो इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावातला एक लांब तंगड्यांचा, गरीब, नवखा वकील. गावात जत्रेसारखा उत्सव चालू असतो, त्या रात्री एकाचा खून होतो आणि दोन भावांवर आळ येतो. आई विधवा. दोघांपैकी खून कुणी केला ते ती सांगत नाही, कारण एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला फासावर द्यावं लागेल.

या सिनेमातला एक प्रसंग मी तीनदा पाहिला. दोघा भावांना जेलमध्ये ठेवलंय आणि चिडलेला जमाव एक मोठा ओंडका घेऊन जेलचं दार फोडायला येतो. लिंकन दारात एकटा उभा राहतो. थोडं धमकावतो, थोडं हसवतो, ओळखीच्या माणसाला नावानं हाक मारून शरमिंदा करतो. हळूहळू ओंडका खाली येतो आणि माणसं घरी जातात. आजच्या काळात आपल्यापैकी कुणीही हा प्रसंग थंडपणे पाहू शकेल असं मला वाटत नाही. जमाव आणि दार यांच्यामध्ये कुणी उभं राहील का, हा प्रश्न आपल्या घराघरांत, मोठ्यानं नसला तरी, विचारला जातोच.

पुढं कोर्ट. साक्षीदार सांगतो, मी लांबून पाहिलं, चांदणं लख्ख होतं. लिंकन टोपीतून पंचांग काढतो, आपल्याकडचं कालनिर्णय म्हणा, आणि दाखवतो की त्या वेळी चंद्र मावळलेला होता. खोटी साक्ष उघडी पडते. दोन्ही भाऊ सुटतात. शेवटी लिंकन वादळात एकटा टेकडी चढत जातो आणि पडद्यावर वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकातला त्याचा भव्य पुतळा दिसतो.

सिनेमा संपल्यावर मी खरी हकिकत शोधली. पंचांगाचा खटला खरा आहे. पण तो लिंकनच्या तरुणपणातला नाही, मे 1858 मधला आहे. तेव्हा तो 49 वर्षांचा नावाजलेला वकील होता आणि तीन वर्षांच्या आत राष्ट्राध्यक्ष झाला. सिनेमानं तो खटला वीसेक वर्षं मागं नेला. आरोपी होता डफ आर्मस्ट्राँग, लिंकनच्या जुन्या दोस्ताचा मुलगा. दोस्त वारला होता. त्याच्या विधवेसाठी लिंकननं एक पैसाही न घेता केस लढवली. साक्षीदार चांदण्याचं सांगत होता, पंचांगानुसार चंद्र क्षितिजाला टेकलेला होता. डफ सुटला. इथपर्यंत सिनेमा आणि इतिहास साधारण एका वाटेनं जातात.

सिनेमात नसलेली गोष्ट अशी की त्या खुनात डफबरोबर आणखी एक आरोपी होता, जेम्स नॉरिस. तो त्याचा भाऊ नव्हता. त्याची केस आधी वेगळी चालली आणि त्याला सदोष मनुष्यवधासाठी आठ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या केसमध्ये लिंकन नव्हता. पडद्यावर दोन भाऊ सुटतात. प्रत्यक्षात ज्याच्या बापाची लिंकनशी दोस्ती होती तो सुटला, आणि दुसरा तुरुंगात गेला.

हे वाचल्यावर त्या मुलाचे डोळे आठवले आणि झोप उडाली. आपल्याकडच्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागं साधारण तिघे कच्चे कैदी असतात. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. लोकसंख्येतल्या वाट्याच्या मानानं त्यांत मुसलमान जास्त आहेत, दलित आणि आदिवासीही जास्त आहेत. ही सरकारचीच आकडेवारी सांगते. हे सगळे नॉरिस आहेत. लिंकन भेटणं हे नशीब झालं. न्याय नशिबावर सोडायचा नसतो.

त्या सिनेमाच्याच वर्षातली आणखी एक गोष्ट सांगतो. मेरियन अँडरसन ही काळ्या वंशाची मोठी गायिका. वॉशिंग्टनमधल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तिला गाऊ दिलं नाही, कारण तिचा रंग. मग 9 एप्रिल 1939 रोजी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. सुमारे पंचाहत्तर हजार लोक ऐकायला जमले होते. ज्या पुतळ्यावर सिनेमा संपतो त्याच पुतळ्यासमोर. लिंकनला जाऊन 74 वर्षं झाली होती, पुतळा उभा होता, आणि हॉलचं दार बंदच होतं.

आता तिथून आटपाडीला येतो, कारण 1939 हे आमच्या गावाच्याही इतिहासातलं मोठं वर्ष आहे. आमच्या पोरांना लिंकनचं न लिहिलेलं पत्र पाठ असतं, पण गावाजवळ त्या वर्षी काय घडलं ते माहीत नसतं. मलाही नोकरीला लागून चार-पाच वर्षं होईपर्यंत नीट माहीत नव्हतं.

आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ती औंध संस्थानात होती. औंध म्हणजे पंतप्रतिनिधींचं 72 गावांचं छोटं संस्थान, तेही सलग नाही. औंध एकीकडं, कुंडल दुसरीकडं, आटपाडी तिसरीकडं, आणि एक तुकडा पार विजापूरकडं. शेवटचे राजे भवानराव, ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. 1909 साली गादीवर आले. स्वतः चित्रकार, कीर्तनकार. सूर्यनमस्काराचे एवढे पुरस्कर्ते की संस्थानच्या शाळाशाळांत ते रुजवले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला, त्यातून 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधचं संग्रहालय त्यांचंच.

या राजानं 1938 च्या अखेरीस जाहीर केलं की राज्याचा कारभार रयतेच्या हाती द्यायचा. घटनेचा आराखडा गांधीजींच्या सल्ल्यानं ठरला आणि 21 जानेवारी 1939 रोजी औंधची स्वराज्य घटना लागू झाली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुक्याची सभा, तालुक्यांमधून संस्थानची सभा. सत्ता खालून वर जाणारी. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती. राजपुत्र आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन आलेले, विशीतलेच. ते पंतप्रधान झाले.

तिसरा माणूस मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधल्या वॉर्साचा ज्यू इंजिनिअर. सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना म्हैसूर संस्थानच्या बंगळूरमधल्या विजेच्या कारखान्यात तो काम करत होता. मग गांधीजींकडं ओढला गेला, भगवी वस्त्रं घातली, भारतानंद नाव घेतलं, आणि औंधच्या या उठाठेवीत मनापासून उतरला. घटनेच्या कामात तो होता आणि उघड्या तुरुंगाच्या कल्पनेमागंही तोच होता.

कल्पना साधी होती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले काही कैदी संस्थानच्या तुरुंगातून काढायचे आणि आटपाडीजवळच्या माळावर आणायचे. भिंत नाही, बेड्या नाहीत. जमीन कसायची, पिकवायचं. बायकामुलांनाही तिथं आणून राहायचं. वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. तुरुंगाला हे नाव देणारा माणूस एकतर खुळा असतो किंवा त्यानं पक्का विचार केलेला असतो.

हे किती धाडसाचं होतं ते समजून घ्यायचं तर तेव्हाचा कायदा आठवायला हवा. इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा चालू होता. त्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. गावोगाव हजेरी होती. आमच्या शेजारच्या सोलापुरात तर काटेरी तारेच्या आत सेटलमेंट होती, त्यात माणसं कुटुंबासकट ठेवली जात. हा कायदा 1952 साली गेला. म्हणजे सोलापुरात ज्यांनी गुन्हा केला नाही ती माणसं पोराबाळांसह तारेच्या आत होती, आणि आटपाडीत ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला ती पोराबाळांसह मोकळ्या माळावर. दोन्ही एकाच काळात, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरात.

आणि फ्रीडमनचा विचार करा. त्याच 1939 च्या सप्टेंबरात हिटलरनं पोलंडवर हल्ला केला. पुढच्या वर्षी वॉर्सातल्या ज्यूंना भिंत घालून कोंडलं. त्या शहरात जन्मलेला माणूस इकडं माणदेशात बिनभिंतीच्या तुरुंगात गुंतला होता. आपल्याकडं ज्यू म्हटलं की बोलणं लगेच फिलिस्तीनकडं वळतं, आणि ते दुःख खरंच आहे. पण आटपाडीच्या माळावर एका ज्यू माणसानं केलेलं काम आपण विसरलो तर तो आपलाच करंटेपणा.

माणदेशात शेती म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी. पाऊस आला तर आला. आज टेंभूचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात, पण तेव्हा कुसळं आणि दगड. चांगल्या शेतकऱ्यानं हात टेकावेत अशी ही जमीन. तिथं कैद्यांनी पिकवायचं आणि पळून जायचं नाही.

आता दुसरा सिनेमा. तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. 'दो आँखें बारह हाथ', 1957. व्ही. शांताराम. कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, गाव माडगूळ, दोन्ही आमच्याच तालुक्यात, आणि शिक्षण औंध संस्थानात. स्वतंत्रपूर त्यांना कुठं शोधायला जायला नको होतं, ते घराजवळच होतं. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, 1958 मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं, अमेरिकेत गोल्डन ग्लोबचा पुरस्कार मिळाला. त्यातली भरत व्यासांनी लिहिलेली, वसंत देसाईंनी चाल दिलेली प्रार्थना आजही कितीतरी शाळांत परिपाठाला होते. आमच्या उर्दू शाळांतल्या मुलांनाही ती येते, कारण ती कुठल्याही धर्माच्या मुलाला अडचण न होता म्हणता येते.

सिनेमात आदिनाथ नावाचा तरुण जेलर आहे, खुद्द शांतारामांनीच केलाय. तो सहा खुनी कैद्यांना घेऊन एका उजाड जागी जातो आणि त्यांना माणसात आणतो. कैदी पळून जायला निघतात, पण आदिनाथचे दोन डोळे त्यांचा पाठलाग करतात आणि ते परत येतात. ते भाजी पिकवतात, रास्त भावात विकतात, त्यानं बाजारातला बडा व्यापारी बिथरतो. शेवटी पिसाळलेल्या बैलांपासून मळा वाचवताना आदिनाथचा जीव जातो. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना खरोखरच इजा झाली आणि कित्येक दिवस त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून राहावं लागलं. सिनेमाच्या नावातच डोळे, आणि नेमके तेच दुखावले.

सिनेमा थोर आहे. मी तो मुलांना दाखवतो. पण स्वतंत्रपूर शेजारी ठेवून पाहिलं की काय काय गळालं ते दिसतं. राजा नाही. आपलं राज्य रयतेला देणारा राजा नसेल, तर हा तुरुंग हे एका सज्जन अधिकाऱ्याचं वेड उरतं. आप्पासाहेब नाहीत, घटना नाही, पंचायत नाही. फ्रीडमन तर नाहीच. सगळ्यांना मिळून एक आदिनाथ केला आणि शेवटी त्यालाही मारलं.

शांतारामांना खरी नावं घेऊन सिनेमा करता येत नव्हता असं नाही. 1946 साली त्यांनी सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांवर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला, तो खऱ्या नावानं, ख्वाजा अहमद अब्बासांच्या लेखनावरून. त्याआधी 1941 मध्ये प्रभातचा 'शेजारी' केला. त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, हिंदू ठाकूर मजहर खाननं केला आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी. दोन माणसांमधला विश्वास कसा तुटतो आणि कसा जुळतो, हे या दिग्दर्शकाला चांगलं कळत होतं. 'दो आँखें'च्या वेळी भवानराव जाऊन सहा वर्षं झाली होती, पण आप्पासाहेब आणि फ्रीडमन दोघंही हयात होते. तरी पडद्यावर फक्त आदिनाथ आला. मी याला दोष म्हणत नाही. सिनेमाला एक चेहरा लागतो. जॉन फोर्डलाही लागला.

पण चेहऱ्याबरोबर एक शिकवण चिकटून येते. दोन्ही सिनेमे सांगतात, चांगला माणूस येईल आणि वाचवेल. जेलच्या दारात लिंकन उभा राहील. माळावर आदिनाथ डोळे रोखून बघत राहील. आणि तो आला नाही तर? नॉरिसनं काय करावं? आदिनाथ मेल्यावर त्या सहा जणांनी काय करावं? सिनेमा म्हणतो, त्याचे डोळे आभाळातून बघत राहतील. इतिहासाचं उत्तर वेगळं आहे आणि मला ते जास्त धीराचं वाटतं.

मार्च 1948 मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. घटना संपली, पंतप्रधानपद संपलं. आप्पासाहेब परराष्ट्र सेवेत गेले, पूर्व आफ्रिका, सिक्कीम आणि पुढं लंडनपर्यंत. 1951 साली राजे वारले. फ्रीडमन मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडं जाऊ लागले, 1973 साली त्यांच्या निरूपणांचं इंग्रजी पुस्तक काढलं, 1976 साली वारले. तिन्ही चांगली माणसं निघून गेली, पण स्वतंत्रपूर चालू राहिलं. महाराष्ट्राच्या कारागृह खात्याच्या यादीत आजही आटपाडीची ही खुली वसाहत आहे, तीसपेक्षा कमी कैद्यांची, अगदी छोटी. 1955 साली जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनं खुल्या तुरुंगांची शिफारस केली, उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या काळात कैद्यांची खुली शिबिरं निघाली, पुढं राजस्थानात सांगानेर झालं, आपल्याकडं येरवडा आणि पैठणला खुले तुरुंग झाले. आटपाडीचं काम या सगळ्यांच्या आधीचं.

ते का टिकलं? माझ्या मते, तिथं विश्वास एका माणसाच्या डोळ्यांत ठेवलेला नव्हता. तो नियमात ठेवला होता. जमीन, काम, घर, बायकामुलं सोबत. अधिकारी बदलला तरी नियम राहतो. ज्याच्या घरात चूल पेटते आणि पोरं खेळतात त्याला कुणी डोळे वटारून धरून ठेवायला लागत नाही.

मी भवानरावांना वली करत नाही. संस्थानिक ते संस्थानिक, त्यांच्या हौशीही संस्थानिकाच्याच होत्या. सक्तीच्या सूर्यनमस्कारावर आज आपण वाद घालतो, तसा मी तेव्हा असतो तर त्यांच्याशीही घातला असता. स्वतंत्रपुराचीही मर्यादा आहे. तिथं निवडून घेतलेले, शिक्षा लागलेले कैदीच जातात. कच्च्या कैद्याला तिथं जागा नाही. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यावर गुन्हा शाबीत झाला असता तर कधीतरी तिथं जायची त्याला निदान आशा होती. निर्दोष होता म्हणून दोन वर्षं भिंतीआड बसला. हा विनोद नाही, व्यवस्था अशीच आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. ऐतिहासिक सिनेमे येतात आणि त्यांत आपले लोक काळ्या कपड्यांत, सुरमा घालून, मांस फाडत बसलेले दिसतात. आपण चिडतो, आणि ते बरोबर आहे. पण मग आपली मागणी काय असते? आमच्या माणसावर सिनेमा काढा. मलिक अंबरवर काढा, टिपूवर काढा. जरूर काढावा, मी पहिल्या दिवशी जाईन. पण ती मागणी पुरी झाली तरी आपल्याला आणखी एक लिंकन मिळेल, आणि आपण पुन्हा दाराकडं डोळे लावून बसू. मलिक अंबरची आठवण काढायची तर त्याच्या जमीन महसुलाच्या व्यवस्थेची काढू या आणि औरंगाबादच्या नहरीची काढू या. त्या त्याच्या मागं टिकल्या. तलवार टिकली नाही.

आपल्या दीनमध्ये अमानत हा शब्द आहे. सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अमानत ज्याची त्याला पोचवणं आणि लोकांमध्ये इन्साफ करणं या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. सत्ता ही अमानत आहे, ती परत द्यायची असते. औंधच्या ब्राह्मण राजानं हेच केलं, शब्द त्याचा वेगळा होता. हजरत युसूफ तर तुरुंगातून सुटले ते थेट धान्याच्या कोठारांवर नेमले गेले. बद्रच्या लढाईनंतर लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांना मुलांना शिकवण्याच्या बदल्यात सोडल्याचं सीरतच्या पुस्तकांत येतं. शत्रूचे कैदी, आणि त्यांच्यापुढं आपली मुलं बसवली. हे सगळं मी वर्गात शिकवतो. दरवर्षी शिकवतो.

आणि तरी दारात आलेल्या आईला मी "बघू" म्हणालो होतो.

या सुट्टीच्या शेवटी मी अभ्यासिकेच्या बाकी लोकांना बोलावलं. आधी वाटलं होतं, आपल्या जबाबदारीवर किल्ली द्यावी, विषय संपेल. मग लक्षात आलं, तो आदिनाथचाच रस्ता. मी उद्या बदलून गेलो तर पोरगं पुन्हा रस्त्यावर. म्हणून बसून ठरवलं आणि वहीत लिहून सह्या केल्या. निर्दोष सुटलेल्या किंवा शिक्षा भोगून आलेल्या मोहल्ल्यातल्या माणसाला, अभ्यासिकेचं असो की आपल्यापैकी कुणाच्या दुकानातलं, काम देताना ती गोष्ट आड आणायची नाही. पगार ठरलेला, महिन्याच्या महिन्याला. दोघांनी सह्या केल्या नाहीत. त्यांची भीती मला समजते, मी स्वतः तिच्यात तीन आठवडे काढले होते.

किल्ली आता त्या मुलाकडं आहे. पहिल्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून दोनदा अभ्यासिकेवर चक्कर टाकली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं, काही बोलला नाही, झाडू बाजूला ठेवून खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. त्याला सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी तपासायला जाणं बंद केलं. आता पुस्तक बदलायचं असेल तेव्हाच जातो.